आठवी फेरी

फलज अल कबाइलच्या फ्लॅटमध्ये ऑगस्टातली गुरुवारची रात्र.
एसी खोकतोय. बाहेर हवा इतकी दमट
की बाल्कनीत डोकावून आलेल्या माणसाचा चष्मा
दोन मिनिटं आंधळा.
गादीवर, कुकरशेजारी, इस्त्रीच्या टेबलावर
आम्ही दहाजण. दहा फोन, एक चार्जर.

चिठ्ठ्या टाकल्या. मला सातवा नंबर.
मग क्रम उलटा, मग सुलटा, सापासारखा;
एकानं उचललेला गडी दुसऱ्याला नाही.
शिजूनं पहिल्याच झटक्यात गोलांची खाण नेली.
रोडेल नुसते देखणे चेहरे बघून संघ बांधतो,
दरवर्षी तिसरा येतो.

आणि यादीत बरंच खाली,
नावाशेजारी लाल फुली घेऊन मोरांदे.
मांडीचा स्नायू फाटलेला.
परत : नोव्हेंबर, बहुतेक.

तिसऱ्या फेरीत घेतला तर मी मूर्ख.
दहावीपर्यंत थांबलो तर खलफान नेणार.
तो बघा, लबनचा डबा तोंडाला लावून
माझ्या अंगठ्यावर डोळा ठेवून बसलाय.
मधे कुठेतरी एक फेरी असते
जिच्यात वेडेपणाचा हिशेब जुळतो.
बाकावर जागा चारच. त्यातली एक तीन महिने
आजाऱ्याच्या खाटेसारखी अडवायची
आणि दर शनिवारी उरलेल्या तिघांत भागवायचं.

हा हिशेब मला नवा नाही.
कोल्हापूरला तालमीच्या दारावर
मास्तर खडूनं यादी लिहायचे. अठरा नावं.
फायनलच्या आदल्या संध्याकाळी अठरावं नाव
बाजीराव सणगर :
घोटा सुजून नारळाएवढा, पायात स्लीपर,
कुणाच्या तरी सायकलवर मागं बसून आलेला.
एकोणिसावा मी होतो.
माझे दोन्ही घोटे ठणठणीत.
"त्यो नुसता बसला तरी पोरं पळतील,"
मास्तर म्हणाले, आणि खडू खिशात टाकला.

मी शर्टाच्या आत जर्सी घालून
जाळीबाहेर फुटाणे खात मॅच बघितली.
जिंकलो. बाज्या एक मिनिटही उतरला नाही.
फोटोत मात्र मधोमध, चषकावर हात.
वीस वर्षं मी मास्तरांना मनात शिव्या घालतोय
आणि वीस वर्षं मला ठाऊक आहे
की पोरं खरंच पळाली होती.

सहावी फेरी. नाही.
सातवी. अंगठा गेला, माघारी आला,
एक साधासुधा बचावपटू घेऊन गप्प बसलो.
खलफाननं डबा खाली ठेवला.
आठवी. घड्याळ लाल. अकरा सेकंद.
मोरांदेच्या वरच्या ओळीत एक पोरगा,
एकोणीस वर्षांचा, डावा पाय, अगदी धडधाकट,
ज्याचं नाव मला धड उच्चारता येईना.
चार सेकंद.

घेतला. फुलीवाला घेतला.
खोलीत एकच हशा. निशिकांत म्हणाला,
"वऱ्हाड निघालं, आणि नवरदेव दवाखान्यात!"
खलफान अरबीत काहीतरी पुटपुटला,
चांगलं नसावं.

पंधरा फेऱ्या संपल्या. चहा झाला.
तो पोरगा कुणीच उचलला नाही.
सगळे झोपल्यावर मी त्याचं नाव
दोनदा वाचलं, अक्षर अक्षर लावून,
तरी जमलं नाही.

शुक्रवार असूनही साडेपाचची बस.
काचेवर पाणी, बाहेर स्मेल्टरचे दिवे,
शेजारी रोडेल हेल्मेट मांडीवर घेऊन घोरतोय.
मी फोन उघडला.
बाकावर, चौथ्या जागी, मोरांदे.
नोव्हेंबर पुसून कुणीतरी डिसेंबर लिहिलं होतं.
बहुतेक तसंच ठेवलं होतं.