कानातले खडे

निनाद हे नाव आम्हीच ठेवलं,
आणि पंधरा वर्षांचा झाला तरी
मिक्सर लावायच्या आधी मी ओरडून सांगते, "लावतेय हं!"
मग तो बाथरूममध्ये एक्झॉस्ट फॅनखाली जाऊन बसतो.
ती घरघर चालते त्याला.
एकसारखी असते, म्हणतो.

रुवीतल्या या तिसऱ्या मजल्यावर
मी त्याच्यासाठी मित्र मागवून पाहिले.
हो, मागवूनच.
पावभाजी, केक, दारसैतच्या शाळेतली सहा मुलं.
पहिलाच फुगा फुटला.
मग सहाही जण आमच्या वायफायवर गेम खेळत बसले
आणि ज्याचा वाढदिवस होता तो
उलट्या बादलीवर बसून फरशा मोजत होता.
निघताना एका आईने हळूच विचारलं, "नेहमी असंच का?"
मी तिला डब्यात केक भरून दिला.

आरशासमोर वाक्यं घोटून घेतली.
हाय. तू कितवीत? तुला काय आवडतं?
डोळ्यांत बघ. आता हस. एवढं नको.
तो आरशातल्या मुलाला विचारायचा
आणि उत्तराची वाट बघत उभा राहायचा.

मत्रहच्या मासळीबाजारात मी त्याला नेत नसे.
ओली फरशी, सुऱ्यांची खटखट, चारी भाषांतल्या हाका.
त्या शुक्रवारी ह्यांना ड्यूटी होती, न्यावाच लागला,
कानांवर हेडफोन, मुठीत माझ्या ओढणीचं टोक.
मी सुरमईचा भाव करत होते.
टोक कधी सुटलं, कळलंच नाही.

सापडला तो कापायच्या ओट्यामागे,
घोळीच्या टाकून दिलेल्या डोक्यापाशी.
समोर त्याच्याच वयाचा एक, गुडघ्यापर्यंत गमबूट.
शहदाद. बलुची.
हे मला पुढच्या महिन्यात कळलं,
निनादला अजून विचारावंसं वाटलेलं नाही.

त्याने सुरीच्या टोकाने डोक्यातून काहीतरी उचकटलं,
शर्टाला पुसलं, ओट्यावर ठेवलं.
पांढरा खडा, चिंचोक्याएवढा.
"कान का पत्थर," निनाद म्हणाला.
हेडफोन गळ्यात आले होते.
"इसमें साल गिनते हैं."
"दूसरा भी है," म्हणत त्याने डोकं उलटं केलं.

कोणी कोणाच्या डोळ्यांत बघितलं नाही.

मी म्हणणार होते, अरे, नाव सांग, थँक यू म्हण.
तोंड उघडलंही होतं.
पिशवीतलं बर्फाचं पाणी माझ्या पावलावर ठिबकत राहिलं
आणि मी तशीच उभी राहिले, गप्प,
सुरमई नरम पडेपर्यंत.

आता खिडकीत आइस्क्रीमचे रिकामे डबे आहेत.
घोळ, ढोमा, हामूर.
खडे जोडीने ठेवायचे, पुसायला मी हात लावायचा नाही.

शहदाद सुट्टीत ग्वादरला गेलाय, आजीकडे.
परवा फोनवर फोटो आला: तळहात, त्यावर एक खडा.
कसा आहेस नाही, कधी येतोस नाही.
निनादने लिहिलं, "उजवा."
तिकडून आलं, "डावा."
तीन दिवस हेच चाललंय.
वरण गार झालं म्हणून मी मघाशी पुन्हा हाक मारली,
तर मान वर न करता म्हणतो,
"थांब ना आई,
तो चुकतोय."