आदण

बिंदू चौकाच्या मागं, सायकलच्या दुकानावर
दस्तगीर मास्तरांची खोली.
खाली ट्यूबमधली हवा फुस्स होते,
वर माझा गंधार.

सूर बरोबर होता. एवढं मी आजही भांडून सांगेन.
बोट जागेवर, गज सरळ,
आंदोलनं मोजून चार,
वहीत तांबड्या शाईनं लिहिली होती तशीच.
दिवसभर मी शाहूपुरीत अडत्याच्या पेढीवर
ढेपा लिहिते: नग, वजन, दर, कटती.
संध्याकाळी तोच हात व्हायोलिनवर येतो
आणि तसंच लिहितो.

राळेचा खडा कागदात गुंडाळत मास्तर म्हणाले,
"गंधार हाय. पण त्येच्यात कोण ऱ्हात न्हाई."
मग, "वाजवताना काय बघतीस?"
"वही."
"मीट ती. बाप काय करतो तुझा?"

माझा बाप गुळव्या. शियेच्या गुऱ्हाळावर.
पेढीवर हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

"मग शिजीव की,"
म्हणाले, आणि खिडकीकडं तोंड करून बसले,
आता काम माझ्या एकटीचंच असल्यासारखे.

डोळे मिटले. आधी नुसता धूर.
मग चुलवाण, आत चिपाड सारणारं कुणीतरी,
मग काहील, एवढी मोठी
की तिच्यात आमचा पहिलीचा वर्ग मावेल असं वाटायचं.
भेंडीचं पाणी पडलं, मळी वर आली,
आबांनी ती झाऱ्यानं अलगद ओढून घेतली
आणि खाली रस रंग बदलायला लागला,
घाई न करता.
गज मी तिथं टेकवला, त्या रंगावर.
बोट तारेवर नव्हतंच,
पाकात होतं, आणि पाक जड होत चालला होता,
हलत होता तो आपल्याच वजनानं,
रिषभाकडं कलायचा, पुन्हा वर यायचा,
पण पुरता वर नाही.
आंदोलनं चार होती का?
मोजायची राहिली.

खाली दुकानात पंप थांबला.
मास्तर वळले नाहीत. एवढंच म्हणाले,
"वास आला."

दुसऱ्या दिवशी मी तीच काहील चढवली.
तोच धूर, तीच मळी, तेच आबा,
आणि गंधार कालच्या भाकरीसारखा गार.
"कालचं आदण काल उतरलं," मास्तर म्हणाले,
"आज नवा ऊस आण."

तेव्हापासून बिंदू चौकापर्यंत चालताना
मी ऊस शोधत येते.
आबांच्या तळहाताची सोललेली कातडी.
गाळपाच्या रात्री बैलगाडीखाली झोपलेली मी,
आणि वर बैलांचं रवंथ.
थंड पाण्यात टाकलेल्या पाकाची गोळी,
काहिलीच्या कडेवर मारली की टण्ण.
एकदा काहीच मिळेना
तेव्हा पेढीवरची एक ढेप घेऊन गेले मनात,
नग एक, जिच्या बुडाला
कुणाच्या तरी चार बोटांचे ठसे होते.
त्या दिवशी वाजलं.
कधी कधी नाही वाजत. तेव्हा मी पलटे घोटते
आणि घरी जाते.

हंगाम संपल्यावर आबा शहरात आले.
डाव्या कानानं ऐकू येत नाही,
उजवा माझ्याकडं करून बसले.
राग कुठला ते मी सांगितलं नाही,
काय बघत होते तेही नाही.
गंधार आला, कलला, जड झाला,
आणि त्याचा जडपणा मलाच सोसेना
म्हणून मी षड्जावर आले.

आबा बराच वेळ
मनगटावरच्या जुन्या डागाकडं बघत राहिले.
मग म्हणाले,
"चांगलं हुतं.
एक वाफ आदी उतरवलंस."