पोदेराच्या भट्टीतून

जुनं कपलिंग निघायला तीन दिवस लागले.
तीन दिवस गंज, डिझेल, आणि म्हाबळूची तीच एक शिवी,
जी तो कुणालाच उद्देशून देत नव्हता.
शेवटी करवतीनं कापलं.
आतून की बाहेर पडली,
दोन्ही कडा झिजून गोल,
म्हाताऱ्या दाढेसारखी.
मी ती खिशात टाकली.

नवं मडगावच्या लेथवरून आलं,
वर्तमानपत्रात गुंडाळलेलं, कोमट.
शाफ्टला लावून पाहिलं. जाईना.
"एक थाऊ कमी," म्हाबळू म्हणाला.
म्हणजे केसाचा तिसरा हिस्सा.
"आतून थोडं घासू?"
त्यानं माझ्याकडे असं पाहिलं
जसं मी देवाचं नाक घासू का विचारलं.

तीस वर्षं तो खनिजाच्या बार्जवर,
इंजिनखोलीत, जिथं माणसं खुणांनी बोलतात.
खाणी बंद पडल्या, बार्ज नांगरावर गंजल्या,
आणि हा इथं शिवोलीला,
माझ्या अठ्ठावीस फुटी शिडाच्या होडीत
गुडघे दुमडून बसलेला
अठरा घोड्यांच्या इंजिनासमोर.
त्याला तो 'पोर' म्हणतो.
पोर माझ्याहून चार वर्षांनी मोठं आहे.

बराच वेळ गप्प. मग म्हणाला,
"बाय, आगुस्तीनची भट्टी पेटली असेल का?"

भट्टीत कांकणं लावलेली होती.
आगुस्तीननं लांब फळीवरून कपलिंग आत सरकवलं
त्यांच्याच ओळीत.
तीही गोल, हेही गोल,
फक्त हे फुगताना कुणाला दिसणार नव्हतं.
इकडे मी जेटीवरून बर्फ आणला,
शाफ्टच्या टोकाला गोणपाटात बांधला;
त्यात एका कोळंबीची मिशी अडकली होती.

पावांच्या टोपलीत, राखेच्या थरावर ठेवून
आगुस्तीनच्या पोरानं ते सायकलवरून आणलं.
"भोंपू वाजवू नकोस," मी ओरडले,
"लोक पाव मागतील."
त्यानं वाजवलाच.

"एकदाच," म्हाबळू म्हणाला.
"मधे थांबलीस तर तिथंच राहील,
मग मी नाही आणि तू नाही."
जाड हातमोजे. खाच वर. की जागेवर.
बर्फ झटकला, मी ढकललं.
ते गेलं.
इतकं सहज गेलं की मला राग आला,
तीन दिवसांचा.
मग थंड होताना आतून एक बारीक टक्,
कुणी दाराची कडी लावावी तसा.

"आता गिअरबॉक्सला बोल्ट आवळू?"
"इथं? जमिनीवर?
जमिनीवर होडी खोटं बोलते.
टेकूंवर पोट आत घेऊन उभी असते ती,
पाहुण्यांसमोर असतात तशी."

भरतीला उतरवली. शीड चढवलं, दोर ताणले.
दोन दिवस काहीच केलं नाही.
तिसऱ्या दिवशी दोन तबकड्यांच्या फटीत गेजची पाती:
वर सात, खाली तीन.
पुढच्या पायाचा नट पाव फेरा.
वर पाच, खाली चार, पण उजवीकडे आठ.
एक पाय सरळ केला की दुसरा रुसे.
पलीकडच्या काठावर दिवे लागले,
त्याच्या दातांत टॉर्च,
माझ्या मानेत पाना अडकल्यासारखी कळ.
चार. चार. चार.
डावीकडे पाच.
"अजून एकदा?" मी विचारलं.
टॉर्च तोंडातून काढून तो म्हणाला,
"राहू दे. बार्जवर बारानं चालायचं."

बोल्ट आवळले, समोरासमोरचे, थोडेथोडे.
पोर दोनदा खोकलं, मग धरलं.
शाफ्ट फिरताना दिसतच नव्हता,
नुसता तिथं एक चकाकता पट्टा.
ग्लँडमधून थेंब पडला. मोजलं.
नऊ, दहा, अकरा, आणि दुसरा थेंब.
"पडूच दे. ते पाणी पिऊनच तो थंड राहतो."

सकाळी आगुस्तीनकडे एक बाई भांडत होती,
काल कांकणांना कसला तरी वास येत होता.
त्यानं माझ्याकडे पाहिलं.
मी कालची उरलेली सगळी घेतली.