चारशे सातची गळती

तुर्भ्याच्या या हॉटेलात मी रात्रीचा माणूस.
पाहुणे मला ओळखत नाहीत,
पंप ओळखतात.

दोन वाजता तळघरात उतरायचं,
टॉर्च दातांत धरून
मीटरचे आकडे वहीत उतरवायचे.
त्या मंगळवारी किचन बंद, धुलाईची यंत्रं गार,
पाहुणे गाढ झोपलेले,
आणि मीटरचा तांबडा काटा फिरतोय निवांत,
जत्रा उठल्यावर
रिकाम्या पाळण्यानं फिरत राहावं तसा.

एवढ्या रात्री कोण पाणी पितंय?

मजल्यामजल्यावर पाइपांच्या शाफ्टला कान लावत गेलो.
बायको पोटुशी असताना लावायचो तसा,
श्वास धरून.
चारशे सात. खोली रिकामी.
फ्लशच्या टाकीतून एक धार, सुतळीहून बारीक,
आवाज म्हणजे कुणी जिभेनं चुकचुकावं एवढाच.
मगात धरली, घड्याळ लावलं:
मिनिटाला पाव लिटर.
दिवसाचे तीनशे साठ.
वॉशर अकरा रुपयांचा.

विजेचं वेगळंच.
किल्लीचं कार्ड दाराजवळच्या खाचेत असेल तरच एसी चालेल,
अशी सोय आम्ही केली.
आठवड्यात पाहुणे शिकले.
आता खाचेत दंतवैद्याचं कार्ड,
साडीच्या दुकानाचं, लायब्ररीचं,
आणि साहेब नेरुळला लग्नात जेवतायत,
इकडे त्यांची बॅग अठरा अंशांत कुडकुडतेय.
विसरलेली कार्डं मी बिस्किटाच्या डब्यात जमवतो.
शहात्तर झाली.
चिलरचं पाणी सात अंशांचं असायचं.
एका रात्री न सांगता साडेआठ केलं.
कुणालाही कळलं नाही,
फक्त बिलाला कळलं.

मग उश्यांवर लाकडी पानं आली:
चादर बदलायची नसेल तर पान इथंच राहू द्या.
लोकांनी राहू दिली.
तीनांतलं एक यंत्र कायमचं थांबलं,
पाणी वाचलं, वाफ वाचली, साबण वाचला,
आणि वेणूबाई शिंगव्यांचा ओव्हरटाइमही वाचला.

त्या भांडल्या नाहीत.
इस्त्रीच्या टेबलावर हात पुसत म्हणाल्या,
‘वाचलं ना? बरं झालं.
दिघ्याला आमच्या टेकडावर एक दिवसाआड टँकर येतो.
हे वाचलेलं पाणी
कुठल्या पाइपानं वर चढतं,
तेवढं विचारून ठेवा.’

मी पाइपांचा माणूस.
मला सांगता आलं नाही.

लॉबीत प्रमाणपत्र लागलं, सोनेरी चौकटीत.
त्यावर तीन दिवे, भर दुपारीसुद्धा.
मी रात्री दोनला विझवतो,
सकाळी सहाला कुणीतरी लावतं.
आमची अजून भेट नाही.

मस्करेन्हस साहेबांना पटवायला चार महिने गेले.
मी म्हटलं, वेणूबाईंना गळतीवर घ्या.
बावीस वर्षं ओले कपडे हाताळलेत,
ओल त्यांना माझ्याआधी कळते.
ते हसले. मग बिल बघितलं. मग हसले नाहीत.

काल पहाटे दोनशे अकरामध्ये
त्यांनी भिंतीला हाताची उलटी बाजू लावली,
तापलेल्या पोराच्या कपाळाला लावतात तशी.
म्हणाल्या, ‘हितं रडतंय.’
टाइल काढली. सांधा रडत होता.

वहीत लिहिलं:
२११. गरम पाण्याचा सांधा. शोध – वे. शिंगवे.
त्यांनी आपलं नाव दोनदा वाचलं,
मग म्हणाल्या, श्यायी जरा पसरलीय.

तळघरात काटा थांबला होता.
आम्ही दोघं उगाच त्याच्याकडे बघत उभे राहिलो,
झोपलेल्या माणसाकडे बघावं तसे.

सहाच्या बसआधी
त्यांनी पाच लिटरचा कॅन नळाखाली धरला,
काठोकाठ भरला, झाकण घट्ट फिरवलं,
उलटा करून बघितला.
एक थेंब नाही.
गेटवर पिशव्या तपासतात.
कॅनकडे वॉचमन बघत नाही,
वहीत मीही लिहीत नाही.