टाचणीला डोकं बसवणारी मुलगी

प्रश्न तिसरा: प्रस्तुत कवितेतील शोषण आणि
सामाजिक टीका स्पष्ट करा. गुण दहा.
शिंत्रे सर म्हणाले, पाच मुद्दे काढा, प्रत्येकी दोन.
मी सावळजच्या शेडमध्ये बसलेय,
पुढ्यात बेदाणा, मांडीखाली झेरॉक्स,
वय एकेचाळीस, बी.ए. भाग दोन, बहिस्थ.

कविता दोनशे वर्षांपूर्वीची, तिकडची.
इंग्रजी ओळींखाली सरांच्या पेनानं मराठी.
एक मुलगी टाचण्यांना डोकी बसवते,
दिवसाला चार हजार.
तारेनं बोटं चिरतात, मेणबत्ती संपत येते,
आणि खिडकीबाहेर चंद्र, ओढा,
एक पाखरू, जे तिच्यासाठीच गातं
असं कवीचं म्हणणं.

मुद्दा एक. कवी बाहेर उभा आहे.
गाइडात हे नाही.
काचेवर त्याचाच श्वास धरला असणार,
म्हणून ती त्याला धुक्यातली दिसते,
गालांवर गुलाब वगैरे.
आमच्याकडंही मागल्या मार्चात एकजण कॅमेरा घेऊन आलेला.
म्हणाला, मावशी, जरा उन्हाकडं बघा.
गंधकाच्या धुरीनं डोळे गळत होते.
फोटो फार सुंदर आला म्हणे.

मुद्दा दोन. तिला नाव नाही.
पाखराला आहे, ओढ्याला आहे,
तिला नुसतं 'निष्पाप बाळे'.
आमच्या हजेरीच्या वहीत तरी नाव असतं:
मुमताज नदाफ, हौसाक्का, मी.
पुढं फुल्या.

तिसऱ्याला पेन अडतं.
कवितेत मालकाला एकच ओळ आहे:
काळा कोट, चांदीची साखळी, चेहरा नाही.
सोपं असतं असं. चेहरा नसला की राग नीट बसतो.
माझ्यासमोर छबूमावशी. आईची सख्खी बहीण.
काडी राहिली की बॉक्स परत ओतते,
रोजातले वीस कापते,
आणि दुपारी डब्यातलं भरीत माझ्याकडं सरकवते.
तिला बॉक्समागं दोन रुपये.
तिच्यावर दिवाणजी, त्याच्यावर अडत्या,
तासगावच्या सौद्यात जो मूठभर उचलतो,
दोन खातो, उरलेला जमिनीवर फेकतो
त्याच्यावरही कुणीतरी असेल.
ह्याला एक ओळ पुरत नाही.

पण एक ओळ त्याला साधलीय.
डोकं बसवून झालं की मुलगी
टाचणी क्षणभर उजेडात धरते.
कुणी सांगितलेलं नसतं, पैसे त्याचे नसतात.
हे खिडकीतून दिसत नाही.
हा माणूस एकदा तरी आत गेला असणार,
किंवा त्याची बहीण असेल कुठं कामाला.
मुमताजला वाचून दाखवलं.
ती म्हणाली, मग बरा हाय की गं माणूस.

शेवटी वसंत येतो, मुलगी मरते,
कुरणात पांढरं फूल होते.
सरांचा हा लाडका मुद्दा: निसर्ग म्हणजे मुक्ती.
मी विचारलं, सर,
दुसऱ्या दिवशी तिच्या जागेवर कोण बसलं?
सर थांबले.
म्हणाले, हे कवितेबाहेरचं आहे, लिहू नका, गुण जातील.
सर तासिका तत्त्वावर आहेत.
जानेवारीपासून पगार नाही,
कवठ्याहून कुणाच्या तरी गाडीवर मागं बसून येतात.
मी पुढं विचारलं नाही.

आता चार वाजलेत. पत्रा तापून कडकडतोय.
झेरॉक्सची पानं सरांनी टाचणीनं जोडून दिलीत.
ती काढली, दाराकडच्या उजेडात धरली.
डोकं पक्कं बसलंय.
छबूमावशी ओरडली, काय बघतीस गं?
काही नाही म्हटलं.
टाचणी पदराला टोचली, बॉक्स पुढं ओढला.
तीनच मुद्दे झालेत.
चार गुण गेले.