चौकोन एकेचाळीस

सुकती लागली की मैलभर खाजण उघडं पडतं
आणि आम्ही निघतो:
सित्स्के पुढे, गळ्यात जीपीएस,
मी मधे, दोन भाषांच्या चेंगरीत,
क्विन्ता मागे, डोक्यावर टोपली.
चिखलात ती आमच्या दुप्पट वेगाने चालू शकते,
तरी मागे.

नकाशावर आमच्या बेटाचे साठ चौकोन.
प्रत्येकात नळी खुपसायची, चिखल चाळायचा,
तिसऱ्या मोजायच्या, किडे मोजायचे,
एक पाणटिवळा दिवसाला किती खातो
तो हिशोब ग्रोनिंगनला धाडायचा.
तिकडेही असंच खाजण आहे म्हणे, फक्त गार.
एप्रिल सरताना हेच पक्षी इथून उठतात
नि तिथे उतरतात,
पायात आम्हीच घातलेली पिवळी कडी.
सित्स्केच्या आईने एकदा बांधावर उभं राहून
दुर्बिणीतून एक कडी वाचली, फोनवर अक्षरं सांगितली.
क्विन्ताला हे कळलं तेव्हा ती म्हणाली,
"सांग तिला, उपाशी पाठवला नव्हता."

एकेचाळीसच्या कडेला क्विन्ताने टोपली खाली ठेवली.
इथून पुढे कोणी जात नाही.
मी इंग्रजीत सांगितलं. सित्स्केने विचारलं, का?
मी क्रिओलमध्ये विचारलं, का?
क्विन्ता माझ्याकडे बघत राहिली.
माझ्या आईचं गाव हेच.
कारण मला ठाऊक होतं,
प्रबंधाच्या मापाचं नव्हतं.

पलीकडे, न मोजलेल्या चिखलावर,
भरती चढत होती आणि पाणटिवळे उतरत होते,
थव्यामागून थवा,
सित्स्केने दुर्बीण लावली, आकडा पुटपुटत राहिली,
मग पुटपुटायची थांबली.

सात चौकोन कोरे राहिले.
तक्त्यात लिहिलं: माहिती उपलब्ध नाही.

आठ महिन्यांनी परीक्षकाचा शेरा आला.
परीक्षकांना नाव नसतं.
"४१ ते ४७ मधले नमुने का नाहीत?
भाग दुर्गम होता काय?"

दुर्गम कसला, घोटाभर पाणी.
रात्री व्हिडिओवर आम्ही एका वाक्यावर अडलो.
तिने लिहिलं, 'स्थानिक श्रद्धा'. मी खोडलं.
मी लिहिलं, 'प्रवेशबंदी',
आणि मलाच त्यात तारेचं कुंपण दिसलं.
मग वीज गेली.

सकाळी धक्क्यावर क्विन्ता तिसऱ्या निवडत होती,
बारीक लागली की पाण्यात परत,
न बघता, नुसत्या बोटांनी.
विचारलं, काय लिहू?
"लिही," ती म्हणाली, "तिथे आधीच कोणीतरी होतं."

सित्स्केने ते तसंच ठेवलं.
लेख अजून परत आलेला नाही.
लेखकांच्या यादीत आता अकरावं नाव आहे.
टाइप केलं की संगणक त्याखाली
दर वेळी लाल रेघ ओढतो,
आणि मी दर वेळी त्याला सांगतो,
बरोबर आहे.