हातचा एक

विल्यांडीत डिसेंबरात दुपारी तीनलाच दिवे लागतात.
मी अदमास विकते.
कुठला व्हिडिओ किती जणांना जागेवरून उठवून
कुणाच्या साइटच्या दारापर्यंत नेईल,
कितीजण लेख अर्धा टाकून जातील,
हे आधीच सांगायचं.

एंडेल सार, घड्याळजी, वय एकोणऐंशी.
नातवानं त्याचा व्हिडिओ काढला:
चौदा मिनिटं नुसते हात,
आणि लंबक हलायला लागल्यावर
एकदा नाक ओढल्याचा आवाज.
अकरा हजार दोनशे जणांनी पाहिला.
गावच्या पेपरात त्यावर लेखही आला.
"मग माझ्याकडे किती येतील?" त्यानं विचारलं.
"खुर्च्या पुरतील ना?"

मी कागद ओढला.
शंभरातले साठ पहिल्या मिनिटात पसार.
उरलेल्यांत शेकडा दोघं खालची ओळ वाचणार,
त्यातला एक बोट टेकवणार.
म्हणजे शंभरामागे माणसाचे चार दशांश.
आमच्या धंद्यात चालतं असं.
पंचेचाळीस. लेखातून सतरा.
हातचा एक, बासष्ट.
दोन्हीकडून येणारे सात वजा.
पंचावन्न, असं सही करून दिलं.

महिन्यानं पाहिलं तर
नऊ.

त्यातल्या सहा मीच होते:
घरून, ऑफिसातून, दोनदा बसमधून,
एकदा मध्यरात्री, आकडा हलला का बघायला,
आणि आत्ता.
एक तो स्वतः, दार उघडतंय का म्हणून.
एक तीन सेकंदांत परतला, चुकून आलेला.

आणि एक माँटेव्हिडिओहून.
एक्केचाळीस मिनिटं.
चोच तुटलेल्या कोकिळेच्या फोटोपाशी
पुन्हा पुन्हा.

पैसे परत करायला गेले.
त्यानं पाकीट उघडलंही नाही.
"पंचावन्नांना कॉफी कोण पाजणार होतं?" म्हणाला,
दातांत स्क्रू धरून.
मग भिंतीकडे बघत:
"तिथं आत्ता किती वाजले?"

बोटांवर मोजलं. पाच तास मागे.
सकाळचे दहा. उन्हाळा.

तीनवर बंद पडलेल्या एका घड्याळाची
त्यानं काच उघडली.
काटे मागे फिरवायचे नसतात, म्हणाला.
पुढेच नेत राहिला, चार, पाच, सहा,
दर तासाला थांबून,
सगळे ठोके पुरते वाजू देत.